माल आहे, पण कुणाचा?

2025 च्या जुलैत बातमी आली. बेल्जियममधल्या गेल या गावी एका गोदामात सुमारे 97 लाख डॉलरची गर्भनिरोधकं पडून आहेत आणि ती जाळून टाकायचं अमेरिकी सरकारने ठरवलं आहे. इम्प्लांट, तांबी, इंजेक्शनं, गोळ्या. माल चांगला, मुदतीतला, पैसे भरून झालेले. त्यातला बहुतेक टांझानिया, काँगो, केनिया, झांबिया, माली अशा देशांत जायचा होता. पण ‘यूएसएड’ ही मदतसंस्थाच गुंडाळली गेली आणि माल मधल्या मध्ये अडकला. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था म्हणाल्या, आम्हाला द्या, पुढचं आम्ही बघतो. नकार मिळाला. गेल ज्या भागात आहे त्या फ्लँडर्समध्ये वापरण्याजोगा माल जाळायला मनाई, म्हणून तो फ्रान्समध्ये नेऊन जाळायचा बेत होता. त्याचा खर्च 1 लाख 67 हजार डॉलर.

या बातमीवर मराठी घरात वाद झाला तर तो कसा होईल, हे मी लिहून पाहिलं. दोन्ही पात्रं कल्पित. भाचा मुंबईत एका औषध निर्यात कंपनीत निविदांचं काम पाहतो. आत्या सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे सरकारी परिचारिका, होती, पुढे पर्यवेक्षिका होऊन निवृत्त झाली. दोघंही हट्टी. आणि मला दोघांचंही बरंचसं पटतं, ही माझी पंचाईत.

भाचा : आत्या, जाळणार म्हणजे काय जाळणार, ते आधी समजून घे. त्यातलं इम्प्लांटच घे. काडेपेटीतल्या काडीएवढी कांडी, दंडाच्या कातडीखाली बसवायची. एका कंपनीची एक कांडी तीन वर्षं चालते, दुसरीच्या दोन कांड्या पाच वर्षं. 2012 पर्यंत गरीब देशांना ती साधारण 18 डॉलरला पडायची. कंपनी म्हणे, ऑर्डर किती येणार त्याचा भरवसा नाही, भाव कसा उतरवू? घेणारे म्हणत, भाव उतरत नाही तर ऑर्डर कुठून देऊ? हा तिढा गेट्स फाउंडेशन, नॉर्वे, स्वीडन, ब्रिटन अशा मंडळींनी सोडवला. बायर कंपनीला हमी दिली की सहा वर्षांत 2 कोटी 70 लाख नगांचा उठाव होईल, कमी झाला तर तूट आमच्याकडे. बायरने ‘जेडेल’ साडेआठ डॉलरवर आणलं. 2013 मध्ये मर्कचं ‘इम्प्लानॉन’ही त्याच भावाला आलं. निम्म्याहून कमी! आमच्या धंद्यात एवढी घसरण एका सहीने होत नाही.

आत्या : म्हणजे बायकांना विचारायच्या आधीच 2 कोटी 70 लाख दंड मोजून झाले.

भाचा : अगं, ती हमी खरेदीदार आणि कंपनी यांच्यातली. कुठल्या नर्सला कुणी आकडा दिला नव्हता.

आत्या : आकडा वरून खाली उतरताना कसा कपडे बदलतो ते मला विचार. दिल्लीत तो ‘अपेक्षित पातळी’ असतो. जिल्ह्याला ‘उद्दिष्ट’. तालुक्याच्या मीटिंगला ‘सिस्टर, केसेस किती झाल्या?’ आणि मार्च जवळ आला की पगार अडवायची भाषा. 1996 साली सरकारने टार्गेट काढलं म्हणून जाहीर केलं. कागदावरून गेलं, मीटिंगमधून जायला लई वर्षं लागली. आमच्या रजिस्टरात तांबी बसवल्याला रकाना होता, काढल्याला नव्हता. बाई येऊन म्हणायची, ‘नर्सबाई, अंगावरनं फार जातंय, काढा ही.’ तिला लोहाच्या गोळ्या देऊन वाटेला लावलेलं मी पाहिलंय. पुढच्या महिन्यात ये, होईल सवय. आता तांबी निदान बाई दुसरीकडे जाऊन काढून घेईल. दंडातली कांडी काढायला शिकलेला हात लागतो, सुन्न करायचं औषध लागतं, छोटी चीर द्यावी लागते. तो हात गावात नसला तर?

आत्याच्या मनात काय आहे ते मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक 1976 मध्ये मंजूर करणारं विधिमंडळ महाराष्ट्राचंच होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, इतकंच. आणि हे फार जुनंही नाही. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर 13 जणी गेल्या. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा.

भाचा : शिबिरांचं समर्थन मी करतच नाहीये. पण तुझ्या बाजूच्या हिशेबात एक बाई कधीच येत नाही. जी सहा मैल चालून दवाखान्यात येते आणि तिला सांगतात, माल संपलाय. तिच्यावर कुणी सक्ती केली नाही, ऑपरेशनही केलं नाही. ती रिकाम्या हाताने घरी गेली आणि तिला दिवस गेले. हिची बातमी होत नाही. जगात मूल नको असून आधुनिक साधन न वापरणाऱ्या बायका 25 कोटींच्या आसपास आहेत.

आत्या : त्या सगळ्या काय माल नाही म्हणून थांबल्यात? कुणाला नवरा नको म्हणतो, कुणाला त्रास झालेला असतो, कुणी घाबरलेली असते.

भाचा : सगळ्या नाहीत, मान्य. पण ज्या माल नाही म्हणून थांबल्यात त्यांचं बघ. सेनेगलमधलं सांगतो. डाकारला लागून पिकीन म्हणून भाग आहे. राष्ट्रीय डेपोत माल असायचा आणि दवाखान्यात खडखडाट. कारण दवाखान्याने मागणी नोंदवायची, पैशाची जुळणी करायची, गाडी बघायची आणि माल उचलून आणायचा. 2012 च्या सुमाराला त्यांनी हे उलटं केलं. कंत्राटी माणूस गाडी घेऊन दर महिन्याला प्रत्येक दवाखान्यात जाणार, फडताळ उघडून मोजणार, खपलंय तेवढं भरणार आणि खपलेल्याचेच पैसे घेणार. मागणीपत्रकच नाही. दवाखान्यात साधन संपलेलं असण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली आलं. पुढे देशभर केलं. नवीन औषध नाही, नवा दवाखाना नाही.

आत्या : हे मला तू सांगतोयस? आमचा इंडेंट भरून जायचा, महिन्याने अर्धा माल यायचा आणि त्यातल्या निम्म्यावर तीन महिन्यांची मुदत राहिलेली. गोळ्या मागितल्या की निरोध यायचे. निरोध तर इतके, की कपाटाचं दार लागायचं नाही. आणि ज्या महिन्याला पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट मिळालं नाही, त्या महिन्यात बाई थांबते का? गोळीचा एक महिना चुकला की आधीचं सगळं पाण्यात. ते फडताळ मोजायला येणारं माणूस मला तेव्हा हवं होतं.

भाचा : मग आपण भांडतोय कशावर?

आत्या : तू ‘पोहोचलं’ म्हणतोस आणि थांबतोस, त्यावर.

इथे भाचा जरा चिडतो आणि जुनं उकरून काढतो. गर्भनिरोधक इंजेक्शनांना भारतात सर्वांत आधी विरोध केला तो स्त्रियांच्या संघटनांनीच. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने 1986 मध्ये ‘नेट-एन’ इंजेक्शनाच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. दुसरं इंजेक्शन, डीएमपीए, सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ या नावाने आलं ते 2017 मध्ये.

भाचा : तीस वर्षं, आत्या! केनियात इंजेक्शन आणि इम्प्लांट हीच सर्वांत जास्त चालणारी साधनं आहेत. आपल्याकडच्या बाईला सरकारी दवाखान्यात काय मिळत होतं? निरोध, गोळ्या, तांबी, नाहीतर ऑपरेशन. जगात साधनं समान पोहोचली पाहिजेत म्हणतो, तेव्हा ती दरी काही ठिकाणी आपणच खणलेली असते.

आत्या : त्या बाया कोर्टात गेल्या कारण चाचणीत घेतलेल्या बायकांना काय टोचतोय ते नीट सांगितलेलं नव्हतं. इंजेक्शन वाईट म्हणून नाही, टोचणारा वाईट म्हणून. एकदा टोचलं की दोन-तीन महिने परतीचा रस्ता नाही. गोळी बाई आज थांबवू शकते. ज्याच्या हातात सुई, त्याच्या हातात बाई, असं ते होतं.

भाचा : बरं, आणि सुई बाईच्याच हातात दिली तर?

‘सायाना प्रेस’बद्दल तो बोलतोय. डीएमपीएचाच कमी मात्रेचा प्रकार, प्लॅस्टिकच्या बोटभर फुग्यात आधीच भरलेला, पुढे बारीक आखूड सुई. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली खुपसायची आणि फुगा दाबायचा. औषध काढून घ्यायचं नाही, सिरिंज भरायची नाही. फायझरने 2014 मध्ये गरीब देशांसाठी त्याची किंमत एक डॉलर ठरवली, नंतर 85 सेंट केली. मलावीत एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. ज्या बायकांना स्वतः टोचायला शिकवून घरी डोस दिले, त्यांतल्या 73 टक्के वर्षअखेर वापरत होत्या. दर तीन महिन्यांनी आरोग्य कर्मचाऱ्याकडून टोचून घेणाऱ्यांतल्या 45 टक्के.

आत्या : हे चांगलंय. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवेल, सासूला पत्ता लागायचा नाही.

भाचा : बघ!

आत्या : बघते. पण हे झालं ते फुग्याने नव्हे. नर्सने सुई सोडली म्हणून झालं. बेळगावचं सांगू? तिथल्या मेडिकल कॉलेजने मिसोप्रोस्टॉलचा अभ्यास केला, बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावासाठी. मोठ्या दवाखान्यात ऑक्सिटोसिन देतात. ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, वर टोचणारं माणूस हवं. उपकेंद्रावर फ्रिज कुठला, आणि असला तर लाइट कुठला? बेळगाव जिल्ह्यात 1,620 बाळंतिणींवर अभ्यास केला. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. घरी नाहीतर उपकेंद्रावर झालेली बाळंतपणं, आणि गोळ्या देणारी कोण? एएनएम. डॉक्टर नाही. जास्त रक्त जाण्याचं प्रमाण 12 टक्क्यांवरून साडेसहाच्या आत आलं. 2006 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. त्यातली गोळी तेव्हाही स्वस्तच होती. अडून होतं ते एकाच गोष्टीवर, ती एएनएमच्या हातात द्यायची का. याच गोळीने गर्भपातही होतो, म्हणून सरकारं बिचकतात. जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती आवश्यक औषधांच्या यादीत घातली 2011 मध्ये.

भाचा : त्याच गोळीची दुसरी बाजू माझ्याकडून ऐक. मिसोप्रोस्टॉल दमट हवेत उतरतं. दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बंद नसेल तर मुदत संपायच्या आत तिच्यात दम राहत नाही. आणि स्वस्तात स्वस्त निविदा जिंकणारा पहिली काटछाट करतो ती पॅकिंगवर. हातात देऊन काय, गोळी खडूची असेल तर? म्हणून आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासल्याची मान्यता, मागतो. ती मिळवायला लहान कंपन्यांना वेळ आणि पैसा फार लागतो, त्या कुरकुरतात. कुरकुरू देत.

या एका जागी दोघांचं एकमत झालं, आणि त्यामुळे वाद काही काळ मंदावला. मग आत्याने पुन्हा गेलच्या गोदामाकडे बोट दाखवलं.

आत्या : तुझ्या हिशेबाने त्या गोदामात काय कमी होतं? भाव उतरलेला. दर्जा तपासलेला. मुदत शिल्लक. फुकट उचलून न्यायला लोक दारात उभे. तरी माल हलला नाही. का?

भाचा : कारण मालकी अमेरिकी सरकारची होती, आणि मालकाचं मन बदललं.

आत्या : एवढंच म्हणत होते मी मघापासून. टांझानियातल्या बाईला पुढच्या महिन्यात साधन मिळेल की नाही हे दुसऱ्याच देशातल्या मतपेट्यांनी ठरवलं. आणि हे काही पहिल्यांदा नाही. गर्भपाताचा उच्चार करणाऱ्या परदेशी संस्थांचे पैसे तोडायचा अमेरिकी नियम 1984 पासून आहे ना? एक पक्ष आला की लागतो, दुसरा आला की उठतो. तू बायरला सहा वर्षांची हमी मिळवून दिलीस. त्या बाईला किती महिन्यांची हमी आहे?

भाचा : हा वार बसला. पण मग उपाय म्हणून तू ‘देशांनी स्वतः विकत घ्यावं’ म्हणशील, आणि ते आपल्या तोंडी सोपं आहे. लोकसंख्या निधी आता तेच करायला बघतोय, साधनं घेणाऱ्या देशांनी स्वतःच्या अंदाजपत्रकातून वाटा घालावा, दरवर्षी थोडा वाढवावा. मालीसारखा देश तो कुठून घालणार? भारताची गोष्ट वेगळी. 1966 मध्ये सरकारने हिंदुस्तान लेटेक्स काढली, जपानी तंत्र आणलं, 1968 मध्ये निरोध बाजारात आला, 15 पैशांना तीन. आणि पोहोचवायला चहा-साबणाच्या कंपन्या कामाला लावल्या. लिप्टन, ब्रुक बाँड, हिंदुस्तान लिव्हर. जिथे चहाची पुडी जाते तिथे निरोध जाणार. तेव्हा आपणही गरीबच होतो, पण मोठे होतो. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना काढणं परवडतं. छोट्या देशाला परवडत नाही, म्हणून त्यांची मागणी एकत्र करून घासाघीस करावी लागते. इम्प्लांटच्या हमीत तेच केलं होतं.

आत्या : आता तूच भारताचं काढलंस म्हणून. आपल्याकडे निरोध बनतात, गोळ्या बनतात, तांबी बनते, मुंबईच्या कंपन्या ती आफ्रिकेला पाठवतात. औरंगाबादला वाळूजला कंडोमचे कारखाने आहेत. आशाताई घरपोच देते, रुपयाला तीन निरोध, रुपयाला महिन्याच्या गोळ्या. भाव नाही, टंचाई नाही, परदेशी मालक नाही. आणि पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत काय निघालं? देशातल्या लग्न झालेल्या बायकांत जवळजवळ 38 टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं. निरोध साडेनऊ टक्के. तांबी दोन. आपल्या महाराष्ट्रात ऑपरेशनं निम्म्याच्या घरात. पुरुषांच्या नसबंदीचं तर बोलूच नको, तिला टाके पडत नाहीत तरी. कपाट भरलेलं असून जर बाई एकाच दाराने जाते, तर तुझ्या पुरवठा साखळीने काय सिद्ध केलं?

भाचा : की पुरवठा पुरेसा नाही. तो लागत नाही असं नव्हे.

मला विचाराल तर या वादात हेच वाक्य सगळ्यांत खरं आहे, आणि सगळ्यांत निरुपयोगीही. कारण पैसे देणारा विचारतो, मग पुढचा डॉलर कशावर घालू? आत्याने तिचं उत्तर दिलं.

आत्या : ऐक. तू निविदा लिहितोस ना? तुझ्या एका ओळीत इम्प्लांट एक लाख नग असं असतं. त्याच निविदेत दुसरी ओळ लिही. एक लाख वेळा काढण्याचं सामान. चिमटा, ब्लेड, सुन्न करायचं इंजेक्शन, हातमोजे. आणि तिसरी, काढायला शिकवण्याचं प्रशिक्षण. बसवायला कंपन्या पैसे देतात, दाते देतात, फोटो काढतात. काढायचा फोटो कुणी काढत नाही. जी कांडी मागितल्या दिवशी निघते, तिलाच मी साधन म्हणेन. बाकी सगळं दंडात ठेवलेलं टार्गेट.

भाचा : तत्त्व मान्य. काही ठिकाणी हे होऊही लागलंय. पण कागदावर उतरवून दाखव. आज बसवलेली कांडी कुणी सहा महिन्यांनी काढेल, कुणी पाच वर्षांनी. तोवर ती गाव बदललेली असेल, लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल. चिमटे कुठल्या दवाखान्यात ठेवू? आणि माझं अंदाजपत्रक एका वर्षाचं असतं. पाच वर्षांनी लागणाऱ्या सामानाचे पैसे यंदा कोण मंजूर करणार? लेखापरीक्षक विचारेल, न वापरलेला माल का पडून आहे.

आत्या : बायरला सहा वर्षांची हमी देताना लेखापरीक्षक कुठे गेला होता?

भाचा : ...ठीक. धरून चाल की मी ती ओळ घातली. पण पैसे तेवढेच आहेत, उलट 2025 पासून कमीच झालेत. काढण्याचं सामान आणि प्रशिक्षण धरलं की एक लाखाचे नव्वद हजार नग होतील, कदाचित पंच्याऐंशी. दाराशी आलेल्या त्या दहा-पंधरा हजार जणींना मी काय सांगू? तुमच्या बहिणींना काढता यावं म्हणून तुम्हाला बसवता येत नाही?

आत्या : त्यांना गोळ्या दे. तांबी दे, ती तर एका डॉलरच्या आत येते. तुझा तो फुगा दे. एकाच साधनाचे एक लाख नग घ्यायचे हे आधी कुणी ठरवलं?

भाचा : भाव तसाच मिळतो, आत्या. एक लाखाला जो भाव आहे तो दहा हजाराला नाही. पाच साधनं थोडी थोडी घेतली तर पाचही महाग पडतात.

आत्या : मग पाचही साधनांची हमी दे म्हणावं त्या तुझ्या दात्यांना. कंपनीला एकेका साधनाची मागणी हवी असते. बाईला पाचांतलं एक निवडायचं असतं, आणि नाही आवडलं तर बदलायचं असतं.

भाचा : अशी हमी कुणी लिहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

आत्या : तू निविदेतला माणूस. मसुदा कर. आकडे मला दाखव, नव्वद हजार की पंच्याऐंशी ते नीट काढ, कदाचित म्हणू नको.